लॉर्ड असण्याची किंमत

'लॉर्ड' या शब्दाचा मराठीत 'लाट' झाला आणि लाटसाहेब म्हणजे तोऱ्यात वावरणारा माणूस, एवढाच अर्थ व्यवहारात उरला. त्यामुळे लॉर्ड नॉर्थ, लॉर्ड जॉन रसेल, लॉर्ड पामर्स्टन आणि लॉर्ड सॅलिसबरी ही ब्रिटिश पंतप्रधानांची नावे आपण सरसकट एकाच माळेत ओवतो. वास्तविक येथे 'लॉर्ड' हा शब्द प्रत्येक वेळी वेगळ्या अर्थाने आलेला आहे आणि हा भेद केवळ मानपानाचा नाही. माणूस पार्लमेंटच्या कोणत्या सभागृहात बसणार, हे त्यावरून ठरत असे.

नॉर्थ १७७० ते १७८२ पंतप्रधान होते ते हाउस ऑफ कॉमन्समधून. त्यांचे वडील, गिल्फर्डचे अर्ल, १७९० पर्यंत हयात होते; तोवर मुलाच्या नावामागचे 'लॉर्ड' निव्वळ शिष्टाचाराचे. रसेल हे बेडफर्डच्या ड्यूकचे धाकटे चिरंजीव. म्हणून 'लॉर्ड' पहिल्या नावाला जोडायचे. १८६१ साली ते स्वतः अर्ल होईपर्यंत त्यांना 'लॉर्ड रसेल' म्हणणे ही चूकच. पामर्स्टन मात्र खरेखुरे व्हायकाउंट, पण पदवी आयर्लंडची. अशा उमरावाला हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये आपोआप जागा मिळत नसे. उलट ब्रिटनमधील मतदारसंघातून कॉमन्समध्ये निवडून येता येई. (प्लासीचा क्लाइव्हही याच सवलतीमुळे लॉर्ड असूनही कॉमन्समध्ये बसला होता.) उरले सॅलिसबरी. ते पंतप्रधान झाले ते लॉर्ड्समधूनच. पण १८६६-६७ चे भारतमंत्री क्रॅनबोर्न आणि १८७४ नंतरचे भारतमंत्री सॅलिसबरी ही एकच व्यक्ती आहे, हे अनेक अभ्यासकांच्या ध्यानात येत नाही.

डिझरायली तर कादंबरीकारच. १८६८ साली त्यांनी पदवी मागितली ती पत्नीसाठी, आणि स्वतः कॉमन्समध्येच राहिले. १८७६ साली प्रकृतीमुळे कॉमन्सची दगदग झेपेना, तेव्हा ते बीकन्सफील्डचे अर्ल झाले. याच वर्षी त्यांनी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानच्या सम्राज्ञीची पदवी देणारा कायदा संमत करून घेतला होता. त्या पदवीच्या घोषणेसाठी १८७७ च्या आरंभी दिल्लीत भरलेल्या दरबारात पुणे सार्वजनिक सभेच्या वतीने सार्वजनिक काका खादी नेसून गेले होते.

१९०२ साली सॅलिसबरी पायउतार झाले. त्यानंतर उमरावपद ही शिडी न राहता बेडी कशी झाली, हे पाहायचे तर लॉर्ड कर्झन यांच्याकडे वळावे लागते. व्हाइसरॉय म्हणून नेमणूक झाली, तेव्हा १८९८ साली त्यांनी मुद्दाम आयरिश पदवी घेतली. पामर्स्टन यांची पळवाट त्यांना ठाऊक होती. हिंदुस्थानातून परतल्यावर कॉमन्सचे दार उघडे राहावे, असा हिशेब होता. पुढे मात्र ते १९०८ साली आयरिश उमरावांचे प्रतिनिधी म्हणून लॉर्ड्समध्ये गेले, १९११ साली अर्ल आणि १९२१ साली मार्क्विस झाले. मे १९२३ मध्ये आजारी बोनर लॉ यांनी राजीनामा दिला. परराष्ट्रमंत्री कर्झन यांना पंतप्रधानपद आपलेच वाटत होते. पंचम जॉर्ज यांनी बोलावले ते स्टॅन्ली बॉल्डविन यांना. कारण सांगितले गेले ते असे, की मजूर पक्ष आता प्रमुख विरोधी पक्ष आहे आणि लॉर्ड्समध्ये त्याला जवळजवळ स्थानच नाही. तेव्हा पंतप्रधान कॉमन्समध्येच हवा. कारण खरेच होते. पण मला वाटते, कर्झन यांच्या स्वभावाविषयी सहकाऱ्यांना जे तोंडावर बोलता येत नव्हते, ते या कारणाआड सभ्यपणे सांगून टाकता आले.

१९४० साली हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. चर्चिल यांच्याबरोबर नाव घेतले जात होते ते हॅलिफॅक्स यांचे. म्हणजे आपले आयर्विन, सांगलीच्या कृष्णेवरचा पूल ज्यांच्या नावाने ओळखला जातो तेच. कॉमन्सबाहेर राहून युद्धकाळात सरकार चालवणे अवघड, असे त्यांनी स्वतःच सांगितले. मनातून त्यांना ते पद नकोच असावे, असेही मानायला जागा आहे.

ही बेडी तोडली टोनी बेन यांनी. आयर्विन व्हाइसरॉय असताना भारतमंत्री असलेले वेजवुड बेन हे त्यांचे वडील. १९६० साली वडील वारले आणि मजूर पक्षाच्या या खासदाराच्या गळ्यात इच्छेविरुद्ध व्हायकाउंटपद पडले. पोटनिवडणूक जिंकूनही जागा मिळाली ती पराभूत उमेदवाराला. बेन यांच्या लढ्यातून १९६३ चा कायदा झाला आणि वारशाने आलेली पदवी नाकारता येऊ लागली. त्याच वर्षी ऑक्टोबरात मॅकमिलन यांनी राजीनामा दिला, आणि पंतप्रधानपदी आले ते हुजूर पक्षाचे, होम घराण्याचे चौदावे अर्ल. काही दिवसांतच त्यांनी पदवी सोडली. पोटनिवडणूक होईपर्यंत ब्रिटनचा पंतप्रधान कोणत्याच सभागृहाचा सदस्य नव्हता. १९७४ साली सर ॲलेक पुन्हा लॉर्ड्समध्ये गेले, पण या वेळी तहहयात उमराव म्हणून. ही पदवी मुलाकडे जाणारी नव्हती.