बिली कॉनची तेरावी फेरी

१८ जून १९४१ च्या रात्री अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरात बेसबॉलचा एक सामना मध्येच थांबविण्यात आला. पाऊस आला नव्हता, की दिवे गेले नव्हते. न्यूयॉर्कहून येणारे एका मुष्टियुद्धाचे धावते वर्णन मैदानावरील ध्वनिक्षेपकांतून प्रेक्षकांना ऐकविता यावे, एवढ्यासाठीच खेळाडूंना जवळजवळ तासभर बसवून ठेवले होते. पिट्सबर्गचाच तेवीस वर्षांचा तरुण बिली कॉन त्या रात्री जो लुईशी हेवीवेटच्या जगज्जेतेपदासाठी लढत होता. समोर चाललेला खेळ थांबवून माणसांनी दूरच्या खेळाला कान लावावा, ही गोष्ट ध्वनिक्षेपकासमोर बसून बोलणाऱ्या माझ्यासारख्याला सुखावणारी आहे. परंतु आजचा विषय तो नव्हे.

या लढतीचे मर्म कळण्यासाठी वजनाचा हिशोब आधी पाहिला पाहिजे. मुष्टियुद्धात बरोबरीची जोड लागावी म्हणून वजनाप्रमाणे गट पाडलेले असतात. लाइट हेवीवेट गटाची मर्यादा १७५ पौंडांची, म्हणजे सुमारे साडेएकोणऐंशी किलोंची. त्या काळी त्याच्या वरचा गट एकच, तो हेवीवेटचा. आणि त्याला वरची मर्यादाच नाही. खालच्या प्रत्येक गटात लहान माणसाचे मोठ्या माणसापासून रक्षण करण्याचे काम नियम करतो. येथे आल्यावर तो हात वर करतो. १९३४ साली मायामी येथे टॉमी लफ्रन हा नामांकित लाइट हेवीवेट आपल्याहून ऐंशीपेक्षा अधिक पौंडांनी जड असलेल्या प्रिमो कार्नेरासमोर पंधरा फेऱ्या उभा राहिला आणि गुणांवर हरला.

जड माणसाचा ठोसा जड असतो, एवढेच सांगून वजनाचा प्रश्न संपत नाही. दोघे एकमेकांना बिलगले की जड माणूस आपला भार हलक्याच्या मानेवर आणि खांद्यांवर टाकतो. दहाव्या फेरीपर्यंत त्या भारानेच हलक्याचे हात खाली येऊ लागतात. शिवाय जड माणसाला चुका परवडतात. हलक्याने अकरा फेऱ्या निर्दोष लढून बाराव्या फेरीत एकदाच हनुवटी उघडी टाकली, तर आधीच्या अकरा फेऱ्या वाया जातात. म्हणूनच लाइट हेवीवेटच्या विजेत्यांची वर जाण्याची धडपड ही बहुतांशी पराभवांची यादी आहे. १९२१ मध्ये फ्रान्सचा जॉर्ज कार्पांतिए डेम्प्सीसमोर चौथ्या फेरीत पडला. १९३९ मध्ये जॉन हेन्री लुईसला जो लुईने पहिल्याच फेरीत संपविले. बॉब फिट्झसिमन्सचे उदाहरण या विरुद्ध कोणी देईल. १८९७ मध्ये त्याने जिम कॉर्बेटला हरवून हेवीवेटचे पद मिळविले, तेव्हा त्याचे वजन १७० पौंडांच्याही आत होते, हे खरे. परंतु लाइट हेवीवेट हा गट १९०३ मध्ये निर्माण झाला आणि त्याचे पद फिट्झसिमन्सने त्याच वर्षी, उतारवयात मिळविले. तो वरून खाली आला होता.

बिली कॉन हा आयरिश कुटुंबातला. सोळाव्या वर्षी, १९३४ मध्ये, तो धंदेवाईक मुष्टियुद्धात उतरला आणि पहिलीच लढत हरला. हौशी स्पर्धांत तो कधी लढलाच नाही. जॉनी रे या प्रशिक्षकाच्या हाताखाली तो सारे शिकला. वाढत्या वयाबरोबर एकेक गट वर चढत १९३९ मध्ये मेलियो बेटिनाला हरवून तो लाइट हेवीवेटचा जगज्जेता झाला. त्याची खरी संपत्ती त्याचे पाय आणि डावा हात. ठोसा एकट्याने माणूस झोपवील असा नव्हता. तरीही १९४० मध्ये बॉब पास्टर, ली सॅव्होल्ड अशा हेवीवेटांना त्याने हरविले, आणि पुढच्या वर्षी हातातले पद सोडून देऊन लुईला आव्हान दिले.

लढतीपूर्वीच वजनांचे एक नाटक झाले. लुईचे वजन साडेएकशे नव्याण्णव पौंड आणि कॉनचे १७४ असे जाहीर करण्यात आले. कॉनचे खरे वजन १६९ च्या आसपास होते आणि अंतर डोळ्यांत भरू नये म्हणून आकडा फुगविण्यात आला, असे पुढे सांगितले गेले. दुसरीकडे, एवढ्याशा माणसाला मारले असे लोकांनी म्हणू नये म्हणून लुईने अन्नपाणी तोडून आपले वजन दोनशेच्या खाली आणले, आणि ते त्याला भोवले. म्हणजे मोठ्याला लहान दिसायचे होते आणि लहानाला मोठे. माझ्या मते त्या रात्रीचे सारे रहस्य येथेच आहे.

पोलो ग्राउंड्सवर चोपन्न हजारांहून अधिक लोक जमले होते. पहिल्या फेरीतच कॉनचा पाय घसरला. पहिल्या दोन फेऱ्या लुईच्या. नंतर मात्र कॉनचे पाय चालू लागले. तो आत शिरे, तीन-चार ठोसे लगावी आणि लुईचा उजवा हात येण्यापूर्वी बाजूला झालेला असे. मध्यंतरी लुईने जोर केला, तोही त्याने निभावला. बाराव्या फेरीत कॉनचा डावा आडवा ठोसा बसला आणि लुई लटपटला. हे सहसा कोणी पाहिले नव्हते.

पंचांच्या कागदावर त्या क्षणी काय होते, ते पाहा. बारा फेऱ्यांनंतर एकाने कॉनला सात आणि लुईला पाच फेऱ्या दिल्या होत्या, दुसऱ्याने कॉनला सात, लुईला चार आणि एक बरोबरीची, तिसऱ्याने सहा-सहा. लढत पंधरा फेऱ्यांची होती. उरलेल्या तीनपैकी एकच फेरी जिंकून कॉन पायांवर उभा राहिला असता, तरी दोन पंचांच्या हिशोबाने पद त्याचे होते. जॉनी रेने त्याला दूर राहण्यास बजावले. कॉनने ऐकले नाही. मी त्याला झोपविणार, असे सांगून तो उठला. पलीकडच्या कोपऱ्यात लुईला त्याच्या प्रशिक्षकाने बजावले होते, की आता पाडल्यावाचून गत्यंतर नाही.

तेराव्या फेरीत कॉन समोरासमोर उभा राहून ठोशास ठोसा देऊ लागला. लुईला बारा फेऱ्या जे हवे होते, ते आपोआप चालून आले. उजवा हात लागू झाला आणि त्यामागून ठोशांची सर आली. फेरी संपायला दोन सेकंद उरली असताना पंचाने कॉनला बाद ठरविले.

आयरिश रक्ताची मस्ती, असे याचे कारण सांगण्याची पद्धत आहे. स्वतः कॉननेही त्याच रात्री त्यावर विनोद केला. हे स्पष्टीकरण सोयीचे आहे, पण मला ते पुरेसे वाटत नाही. परीक्षेत बरोबर सोडविलेले गणित शेवटच्या पाच मिनिटांत खोडून अधिक झोकदार रीतीने मांडू पाहणारी मुले मी पाहिली आहेत. ती मूर्ख नसतात. त्यांना नुसते उत्तर नको असते. गुणांवर जिंकलेला कॉन हा हेवीवेटला चकविणारा हलका माणूस ठरला असता. बाराव्या फेरीत लुई लटपटला, तेव्हा आपण खरेच हेवीवेट आहोत असे कॉनला वाटले असावे, आणि ते सिद्ध करण्याची घाई त्याला नडली.

त्याची आई त्या वेळी कर्करोगाने मरणशय्येवर होती. लढतीनंतर थोड्याच दिवसांत ती गेली. पुढच्या वर्षी पुन्हा लढत ठरण्याच्या सुमारास घरगुती भांडणात सासऱ्यावर ठोसा उगारून कॉनने स्वतःचाच हात मोडून घेतला. मग युद्ध आले. १९ जून १९४६ रोजी यांकी स्टेडियममध्ये दोघे पुन्हा भेटले, तेव्हा कॉनचे वजन १८२ पौंड झाले होते. अंगावर मांस चढले होते, पायांतली पाच वर्षे गेली होती. लुईने त्याला आठव्या फेरीत पाडले.

पुढे आर्ची मूर, बॉब फॉस्टर यांनीही प्रयत्न केले आणि ते पडले. लाइट हेवीवेटच्या विद्यमान विजेत्याने हेवीवेटचे पद जिंकावे, हे प्रथम घडले २१ सप्टेंबर १९८५ रोजी, लास व्हेगास येथे. मायकेल स्पिंक्सने मोजून घेतलेला आहार, वजनांचा व्यायाम आणि लांबच्या धावांऐवजी छोट्या वेगवान धावा यांच्या बळावर २०० पौंड गाठले आणि तोवर अजिंक्य असलेल्या लॅरी होम्सला पंधरा फेऱ्यांनंतर गुणांवर हरविले. दोन पंचांच्या कागदावर फरक एकेका गुणाचा होता. स्पिंक्स शेवटच्या फेरीपर्यंत सरकत राहिला, होम्सला पाडण्याच्या फंदात पडला नाही.

तेव्हा कॉन सदुसष्ट वर्षांचा होता. १९९३ पर्यंत तो जगला. लुई १९८१ मध्येच गेला होता. दोघांची मैत्री मात्र अखेरपर्यंत टिकली. ते पद सहा महिन्यांपुरते तरी मला वापरू द्यायचे होतेस, असे कॉनने एकदा थट्टेने म्हटल्याचे सांगतात. बारा फेऱ्या दिले होते, तेवढ्यात तुला ते सांभाळता आले नाही, असे लुई त्यावर म्हणाला.