तळोजा कारागृह : खर्च कुणाचा, जबाबदारी कुणाची आणि जाब कसा विचारायचा

गोवंडी, मुंब्रा, भिवंडी, कुर्ला इथून जे लोक मुलाकातीसाठी खारघर स्टेशनवर उतरतात, त्यांना तळोजा जेलचा रस्ता कुणी सांगावा लागत नाही. हातात कपड्यांची पिशवी, आधार कार्ड आणि खिशात परतीच्या रिक्षाचे पैसे. पनवेल तालुक्यातलं हे कारागृह २००८ साली सुरू झालं. मुंबईच्या आर्थर रोड जेलवरचा ताण कमी व्हावा हा त्यामागचा एक हेतू होता. अधिकृत क्षमता २,१२४ बंद्यांची. आज तळोजाच गर्दीसाठी ओळखलं जातं.

एक माणूस जेलमध्ये राहतो तेव्हा पैसा दोन खिशांतून जातो. एक खिसा सरकारचा, म्हणजे आपल्या कराचा. दुसरा खिसा घरच्यांचा. पहिल्या खिशाचा हिशेब अर्थसंकल्पात छापला जातो, दुसऱ्याचा कुठेच नाही. पण दोन्हींबद्दल सरकारला विचारता येतं, आणि विचारण्याचे रस्ते कायद्यातच आहेत. ही माहिती त्यासाठीच एकत्र केली आहे. जपून ठेवा, गरजूंना द्या.

सरकारी खर्च कुठे दिसतो?

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत तुरुंग हा विषय राज्य सूचीत आहे. म्हणजे तळोज्यातलं पाणी, जेवण, डॉक्टर, पहारा या सगळ्याची जबाबदारी महाराष्ट्र सरकारची, त्यातही गृह विभागाची. एखाद्याला एनआयए किंवा सीबीआयने पकडलं असलं तरी तो राज्याच्याच कारागृहात असतो आणि त्याच्या तब्येतीचं उत्तर राज्यानेच द्यायचं असतं.

अर्थसंकल्पाच्या पुस्तकात तीन लेखाशीर्षं बघायची : २०१४ म्हणजे न्यायदान, २०५५ म्हणजे पोलीस, २०५६ म्हणजे कारागृहे. मंजूर किती झाले आणि खरंच खर्च किती झाले, हे तिथे कळतं. दिल्लीचा राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागही कारागृहांची आकडेवारी प्रसिद्ध करतो. २०२२ च्या आकडेवारीनुसार देशात ५ लाख ७३ हजार २२० बंदी होते. त्यातले ४ लाख ३४ हजार ३०२ कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा खटला अजून संपलेला नाही असे. शेकड्यात जवळजवळ ७६. जेल भरलेली होती क्षमतेच्या १३१ टक्के.

सोप्या भाषेत सांगायचं तर जेलवर जाणारा बहुतेक पैसा शिक्षा झालेल्यांवर नाही, तर तारखेची वाट बघणाऱ्यांवर खर्च होतो. खटला वेळेत चालवला असता तर हा खर्च झालाच नसता.

घरच्यांचा खर्च

वकिलाची फी हा फक्त एक भाग. मनीऑर्डर, कँटीन, दर मुलाकातीला बुडणारी रोजंदारी, जामिनासाठी ऐपतदार दाखला मिळवताना तहसील कचेरीच्या खेपा, रोख जामिनासाठी काढलेलं कर्ज. कमावता माणूस आत गेला की पोरांच्या शाळेचा प्रश्न येतो. अनेक घरांत बाईचे दागिने सगळ्यात आधी जातात.

आपल्या समाजाला हा खर्च जास्त जवळून माहीत आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातली मुस्लिम लोकसंख्या साधारण साडेअकरा टक्के होती. कारागृहातलं प्रमाण त्याहून बरंच जास्त. म्हणूनच राज्य अल्पसंख्याक आयोगाने टाटा सामाजिक विज्ञान संस्थेकडून मुस्लिम बंद्यांचा स्वतंत्र अभ्यास करून घेतला होता. वर्गणी आणि जकातीतून जमीयत उलमासारख्या संघटनांनी वर्षानुवर्षं वकील पुरवले. ते काम मोठंच, पण मोफत वकील देणं हे मुळात सरकारचं कर्तव्य आहे हे विसरू नये.

तळोज्यात काय घडलं

फादर स्टॅन स्वामी, वय ८३, कंपवाताचे रुग्ण. ऑक्टोबर २०२० मध्ये भीमा-कोरेगाव प्रकरणात अटक होऊन तळोज्यात आले. हात थरथरत असल्याने पाणी प्यायला स्ट्रॉ आणि सिपर हवं होतं. त्यासाठी कोर्टात अर्ज करावा लागला आणि त्यात आठवडे गेले. जेलमध्ये ॲलोपॅथीचा डॉक्टर नाही, ही तक्रारही त्या काळात उच्च न्यायालयापर्यंत गेली. २८ मे २०२१ ला उच्च न्यायालयाच्या आदेशाने त्यांना खासगी रुग्णालयात हलवलं, तेही स्वतःच्या खर्चाने. ५ जुलै २०२१ ला जामिनावर सुनावणी चालू असतानाच ते वारले. खटला सुरूही झाला नव्हता.

त्याच प्रकरणातले गौतम नवलखा यांचा चष्मा तळोज्यात हरवला. घरून पाठवलेला दुसरा चष्मा जेलने परत केला. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, माणुसकी सगळ्यात महत्त्वाची असून जेल अधिकाऱ्यांची कार्यशाळा घेण्याची वेळ आली आहे, अशा अर्थाचे शब्द ऐकवले.

पुढे नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवलखांना तब्येतीच्या कारणावरून नवी मुंबईत घरकैदेत ठेवायला परवानगी दिली. पहाऱ्याच्या खर्चापोटी आधी २ लाख ४० हजार रुपये भरायला लावले. नंतर एनआयएने या खर्चाचा आकडा १ कोटी ६४ लाखांवर नेला. १४ मे २०२४ ला जामीन देताना न्यायालयाने २० लाख भरायला सांगितले. दोषी ठरलेला नाही, तरी स्वतःवरच्या पहाऱ्याचं बिल आरोपीच्या हातात. ज्याच्याकडे २० लाख नाहीत, त्याला हा रस्ता बंदच.

निर्दोष सुटल्यावर कोण देणार?

११ जुलै २००६ च्या लोकल बॉम्बस्फोटांत १८० हून अधिक माणसं गेली. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने १२ जणांना दोषी धरलं, पाच जणांना फाशी सुनावली. २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने सगळ्या १२ जणांना निर्दोष सोडलं. तोवर १९ वर्षं गेली होती आणि त्यातला एक जण २०२१ मध्ये नागपूर जेलमध्येच कोविडने वारला होता. राज्य सरकार अपिलात गेलं. २४ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायचा नाही असं सांगितलं, पण सुटलेल्यांना परत आत टाकायला सांगितलं नाही.

या प्रकरणात नुकसान दोन्हीकडे झालं. ज्यांची माणसं लोकलमध्ये मेली त्यांना १९ वर्षांनीही पक्कं उत्तर नाही. ज्यांची जवानी आत गेली त्यांना भरपाई नाही.

कायदा इथे फार तोकडा आहे. विनाकारण अटक करवली तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९९ खाली जास्तीत जास्त भरपाई आहे १,००० रुपये. तीही अटक करवणाऱ्या व्यक्तीकडून. बाकी सगळं उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयाच्या मर्जीवर. १९८३ मध्ये रुदुल साह प्रकरणात, निर्दोष सुटूनही १४ वर्षं आत ठेवलेल्या माणसाला सर्वोच्च न्यायालयाने एकूण ३५ हजार देवविले. घाटकोपर स्फोट प्रकरणात पोलीस कोठडीत गेलेल्या परभणीच्या ख्वाजा युनूसच्या आईला मुंबई उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये भरपाई देवविली, त्यासाठी घरच्यांना नऊ वर्षं लढावं लागलं.

अमेरिकेत केंद्रीय कायद्यात चुकीच्या तुरुंगवासाच्या प्रत्येक वर्षाला ५० हजार डॉलरपर्यंत भरपाई ठरलेली आहे. आपल्याकडे विधी आयोगाने ऑगस्ट २०१८ च्या २७७ व्या अहवालात असाच कायदा करा, त्यासाठी विशेष न्यायालयं नेमा असं सुचवलं. तसा कायदा झालेला नाही.

एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने एक पाऊल टाकलं : कारागृहात अपघात, मारहाण किंवा वैद्यकीय हलगर्जीपणामुळे मृत्यू झाल्यास वारसांना ५ लाख, आत्महत्या असल्यास १ लाख. पण म्हातारपण किंवा जुन्या आजाराने मृत्यू झाला तर काही नाही. आजार जुना होता की उपचार उशिरा मिळाले, हे ठरवणारे कागद जेलच्याच कपाटात असतात. म्हणून न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशीचा अहवाल आणि पोस्टमॉर्टेमची प्रत घरच्यांनी मागून घ्यावीच.

जामीन झाला तरी सुटका नाही? हे करा

१. मोफत वकील : विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७, कलम १२ प्रमाणे कोठडीतल्या कुणालाही मोफत वकील मिळतो. उत्पन्नाचा दाखला लागत नाही. हेल्पलाइन १५१००. जिल्हा न्यायालयातल्या लोकअभिरक्षक कार्यालयातही जाता येतं. केस ज्या जिल्ह्यातली, तिथलंच प्राधिकरण गाठा. रायगडचं अलिबागला आहे, पण तळोज्यात मुंबई-ठाण्याचे बंदीही असतात.

२. सात दिवसांचा नियम : ३१ जानेवारी २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार जामिनाच्या आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी अधीक्षकामार्फत बंद्याला मिळायला हवी. सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकाने विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. महिनाभर जामीनदार मिळाला नाही तर कोर्ट स्वतःहून अटी सैल करू शकतं.

३. गरीब बंदी साहाय्य योजना : केंद्राच्या २०२३ च्या सूचनेत जामिनासाठी ४० हजारांपर्यंत आणि पक्क्या कैद्याच्या दंडासाठी २५ हजारांपर्यंत रक्कम सरकार थेट कोर्टात भरतं. निर्णय जिल्ह्याच्या समितीचा. यूएपीए, एनडीपीएस, मनी लाँड्रिंग आणि लाचलुचपतीच्या केसेस यात बसत नाहीत. अर्ज करताना सध्याची मर्यादा सचिवांना विचारून घ्या.

४. कलम ४७९ : १ जुलै २०२४ पासून लागू. कमाल शिक्षेची निम्मी मुदत आत काढली असेल तर जामीन. आयुष्यातला पहिलाच गुन्हा असेल तर एक तृतीयांश मुदतीत. जुन्या केसेसनाही लागू, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलं. फाशी-जन्मठेपेच्या कलमांना आणि ज्याच्यावर एकाहून जास्त केसेस आहेत त्याला लागू नाही. मुदत भरली की कोर्टाला लेखी कळवणं हे जेल अधीक्षकाचं काम आहे. त्याने केलं का, हे विचारा.

५. यूएपीए असली तरी : ३ जुलै २०२४ ला जावेद गुलाम नबी शेख विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला. बनावट नोटांचं प्रकरण, चार वर्षं आत, आरोपही निश्चित झाले नव्हते. गुन्हा कितीही गंभीर असो, खटला लवकर चालण्याचा हक्क प्रत्येक आरोपीला आहे, असा त्याचा सारांश. वकिलाला हा निकाल दाखवा.

जाब कसा विचारायचा

माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो, दारिद्र्यरेषेखालच्यांना फुकट. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. उत्तर ३० दिवसांत; जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तासांत. नाव-पत्ते, पहाऱ्याची माहिती मागू नका, सुरक्षेचं कारण देऊन नाकारतील. आकडे मागा. प्रत्येक प्रश्नाचा वेगळा अर्ज :

– गेल्या बारा महिन्यांत दर एक तारखेला किती बंदी होते?
– डॉक्टरांची मंजूर पदं किती, भरलेली किती?
– पोलीस गार्ड न मिळाल्याने किती बंदी तारखेला कोर्टात जाऊ शकले नाहीत?
– जामीन होऊन सात दिवसांनंतरही आत असलेले किती, आणि त्यातल्या किती जणांची खबर प्राधिकरणाला दिली?
– अभ्यागत मंडळाने किती वेळा भेट दिली?

उत्तर आलं नाही तर पहिलं अपील ३० दिवसांच्या आत, मग राज्य माहिती आयोग. आलेलं उत्तर घरात ठेवून उपयोग नाही. आमदारांकडे द्या, विधानसभेत प्रश्न विचारायला सांगा. जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली कच्च्या कैद्यांची आढावा समिती असते, तिलाही प्रत पाठवा.

मोहल्ल्यातल्या एखाद्या शिकलेल्या मुलाने महिन्याला असा एक अर्ज लिहिला तरी वर्षाला बारा उत्तरं हातात येतील. मुलाकातीच्या रांगेत उभी असलेली आई हे विचारू शकत नाही, तिला भीती असते की त्रास आत असलेल्या मुलाला होईल. म्हणून हे प्रश्न बाहेरच्यांनीच विचारायचे आहेत.