दोन अग्निप्रलयांतून वाचलेले वस्त्र

प्रस्तुत स्मरणिकेसाठी जुने कागद व छायाचित्रे गोळा करीत असता आमच्या धर्मग्रामातील एका आजीबाईंनी आम्हांपुढे एक गाठोडे आणून ठेवले. त्यांचे घर काही वर्षांपूर्वी रात्रीच्या समयी जळाले होते. गाठोड्यात त्यांच्या लग्नाचे लुगडे होते. पदर करपलेला, आणि घडी उलगडताच दोहों बाजूंस सारखीच भोके. "फादर, शेजारणी म्हणतात, धुऊन ठिगळे लाव, नाहीतर टाकून दे. काय करू?" असा त्यांचा प्रश्न. ती जोडीजोडीने पडलेली भोके पाहून आम्हांस दुसऱ्याच एका वस्त्राचे स्मरण झाले. त्याचीच हकीकत येथे सादर करतो.

तुरिन नगरीत जतन केलेले पवित्र शववस्त्र सुमारे साडेचार मीटर लांब व एक मीटरहून थोडे अधिक रुंद आहे. ते प्रभूचेच कफन होय की नव्हे, याविषयी ख्रिस्तसभेने निर्णय दिलेला नाही. १९८८ साली तीन प्रयोगशाळांनी केलेल्या परीक्षेत त्याचा काळ १२६० ते १३९० असा निघाला, व त्यावर वाद अद्याप चालू आहे. तो वाद बाजूस ठेवून केवळ एक जळालेले वस्त्र म्हणून त्याच्याकडे पाहिले, तरी त्याचा इतिहास बोधप्रद आहे.

हे वस्त्र १४५३ पासून सॅव्हॉयच्या राजघराण्याकडे होते आणि सोळाव्या शतकाच्या आरंभापासून त्यांच्या शांबेरी येथील प्रार्थनामंदिरात, वेदीमागील कोनाड्यात, रुप्याच्या पेटीत ठेवलेले असे. कोनाड्यास लोखंडी जाळी व भक्कम कुलपे होती. १५३२ च्या डिसेंबर महिन्याच्या ४ तारखेस, पहाटेपूर्वीच, मंदिरास आग लागली. किल्ल्या आणावयास अवकाश कोठचा! एका लोहाराने जाळी तोडली व त्याच्यासमवेत धावून आलेल्या फ्रान्सिस्कन धर्मबंधूंच्या साह्याने पेटी बाहेर निघाली. परंतु तोवर रुपे एका ठिकाणी वितळून आतील घड्यांवर पडले होते. पाणी ओतून पेटी थंड केली. वस्त्र उलगडले तेव्हा प्रतिमेच्या दोहों अंगांस जळालेल्या भोकांच्या रांगा दिसल्या. मधली प्रतिमा मात्र बहुतांशी बचावली होती.

आग विझली, पण अफवा पेटल्या. वस्त्र भस्मसात झाले असे लोक बोलू लागले. राब्ले या विनोदी ग्रंथकाराने तर आपल्या 'गार्गांतुआ' ग्रंथात त्याचा एक धागाही उरला नाही अशी थट्टा केली. म्हणून पोप सातवे क्लेमेंट यांच्या आज्ञेने कार्डिनल लुई द गोरेव्हो यांनी चौकशी केली. हे तेच वस्त्र, अशी खात्री झाल्यावर १५३४ च्या एप्रिलात ते मिरवणुकीने संत क्लारेच्या पंथातील संन्यासिनींच्या मठात नेण्यात आले.

मठाध्यक्षा लुईझ द व्हार्जिन व त्यांच्या सहकारिणी यांनी १६ एप्रिलपासून २ मेपर्यंत हे काम केले. त्यांनी वस्त्रास मागून हॉलंडच्या कापडाचे अस्तर दिले आणि मोठ्या भोकांवर सुमारे ३० ठिगळे शिवली. या भगिनींनी आपल्या कामाचा वृत्तांतही लिहून ठेवला, ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. घरातल्या किती माउल्यांनी किती वस्त्रे सांधली असतील, पण त्यांची नोंद कोणी ठेवली आहे?

पुढे १५७८ साली ते तुरिनला नेले गेले. मिलानचे आर्चबिशप संत चार्ल्स बोरोमिओ पायी यात्रेस येणार होते, त्यांची आल्प्स पर्वतावरील वाट वाचावी हे त्यास निमित्त झाले. १६९४ पासून ते गुआरिनी या वास्तुकाराने रचलेल्या मंदिरात राहिले. ११ एप्रिल १९९७ च्या रात्री त्या मंदिरासच आग लागली. सुदैवाने दुरुस्तीच्या कामामुळे १९९३ पासून वस्त्र तेथून हलवून कॅथेड्रलच्या मुख्य वेदीमागे बंदुकीच्या गोळीसही न जुमानणाऱ्या काचेत ठेवले होते. बंबवाल्यांनी ती जाड काच घणाचे घाव घालून फोडली व वस्त्र सुखरूप बाहेर काढले. दोन्ही प्रसंगी संरक्षणासाठी केलेली योजनाच सुटकेच्या आड आली, आणि दोन्ही वेळी घणच कामी आला! मंदिर पुन्हा उघडावयास २०१८ साल उजाडले.

आता आजीबाईंच्या प्रश्नास लागू पडणारा भाग. २००२ च्या जून-जुलै महिन्यांत स्विस वस्त्रतज्ज्ञ मेख्टिल्ड फ्ल्यूरी-लेम्बर्ग यांनी संन्यासिनींची ती ठिगळे उसवली. ४६८ वर्षे ठिगळांखाली काजळी व कोळशाची भुकटी साचून राहिली होती; वस्त्र हलताना तीच धाग्यांस घासत असे. वस्त्रास पाणी लावले नाही. भुकटी हलक्या हाताने काढली, कोठून काय निघाले त्याच्या नोंदीसह ती निरनिराळ्या कुप्यांत ठेवली, नवे अस्तर दिले आणि भोके तशीच उघडी सोडली. पूर्वी हे वस्त्र गुंडाळून ठेवीत. आता ते पसरून ठेवलेले असते. यावरही पुष्कळ टीका झाली. अभ्यासाची साधने नष्ट झाली, अगोदर कोणास विचारले नाही, असे काही पंडित म्हणाले. पूर्वी विचारावयास हवे होते, हे आम्हांसही मान्य आहे. तरी काजळी आत कोंडून वर ठिगळ लावणे वस्त्रास घातकच ठरते. त्या भगिनींच्या हाती जे साधन व जे ज्ञान होते, त्याने त्यांनी वस्त्र सांभाळले. त्यांचे टाके उसवताना कोणाचा हात थरथरला असेल तर नवल नाही.

आम्ही आजीबाईंस सांगितले की लुगडे धुऊ नये, चोळू नये, ठिगळही लावू नये. काजळी ओली झाली की धाग्यांत अधिकच शिरते. स्वच्छ पांढऱ्या कापडावर पसरून वर तसेच दुसरे कापड घालावे. लुगडे लांब पडले, पेटीत पसरेना; तेव्हा घडी पडेल तेथे मऊ कापडाची वळकटी घालावी असे ठरले. पदरातून गळालेली राख त्यांनी एका डबीत भरली, व तिच्यावर आपल्या लग्नाचे साल लिहून द्या म्हणाल्या. आम्ही लिहून दिले.