वटवाघळांची वहिवाट

न्यूयॉर्क राज्याच्या स्कोहॅरी परगण्यात लेस्टर हाऊ नावाचा एक शेतकरी राहत असे. भर उन्हाळ्यात आपल्या गायी शेजाऱ्याच्या हद्दीजवळच्या एका झुडपाळ उतारावरच जाऊन का उभ्या राहतात याचा तलास काढीत असता, १८४२ साली त्याला भूमीच्या उदरातून येणारी थंड हवेची झुळूक आणि त्या झुडपांआड दडलेले गुहेचे तोंड सापडले, अशी कथा त्या मुलखात आजही सांगितली जाते. हाऊ व्यवहारी माणूस होता. पुढच्याच वर्षी त्याने शेजाऱ्याकडून ती जमीन रीतसर खरेदीखत करून घेतली, गुहेत पाहुणे नेण्यास प्रारंभ केला, आणि पुढे आपल्या मुलीचे लग्नही त्याच भूगर्भातील एका दालनात लावून दिले. जो गारवा गायींना ओढून नेत होता, तोच तिकिटावर विकता येतो हे त्याने ओळखले. परंतु ज्या वटवाघळांनी पिढ्यान्‌पिढ्या हिवाळा त्या गारव्यात काढला होता, त्यांच्या वहिवाटीचा उल्लेख त्या खरेदीखतात असणे शक्यच नव्हते.

केंटकीतील मॅमथ केव्ह या महाविवराचा इतिहास याहून जुना आणि अधिक उद्बोधक आहे. १८१२ साली ब्रिटनशी युद्ध जुंपल्यावर बंदुकीच्या दारूसाठी सोऱ्याची मागणी वाढली, तेव्हा तेथील नायट्रेटयुक्त माती गुलामांकरवी खणून, लाकडी हौदांत भिजवून सोरा काढण्यात आला. ते हौद आजही प्रेक्षकांना दाखविले जातात. युद्ध संपले, सोऱ्याचा भाव कोसळला, आणि १८१६ पासून त्याच वाटांवरून हौशी प्रवासी फिरू लागले. पुढे डॉ. जॉन क्रोगन यांनी ही मिळकत विकत घेतली. स्टीफन बिशप हा त्यांचा गुलाम वाटाड्या त्या अंधाराचा सर्वांत जाणता भूगोलज्ञ ठरला. बारमाही समशीतोष्ण हवा क्षयरोग्यांना मानवेल या कल्पनेने क्रोगन यांनी १८४२ च्या सुमारास रोग्यांना आत झोपड्या बांधून ठेवले. दिव्याचुलींच्या धुराने आणि अखंड काळोखाने त्यांची प्रकृती अधिकच ढासळली, काही तेथेच दगावले, आणि काही महिन्यांत तो प्रयोग आवरावा लागला. खाण, रुग्णालय, करमणूक असे गुहेचे धनी आणि धंदे बदलत गेले, तरी सर्वांचे भांडवल तो एक स्थिर गारवाच होता. तेथील एका मार्गाचे ‘लिटल बॅट अ‍ॅव्हेन्यू’ हे नाव मात्र मूळ रहिवाशांची साक्ष देत राहिले.

या गारव्याचा आणखी एक गिऱ्हाईक २००६ च्या फेब्रुवारीत प्रकट झाला, आणि तोही हाऊच्याच गुहेत. पर्यटकांच्या भागापासून तुटलेल्या तिच्या एका शाखेत एका गुहाप्रेमीने निद्रिस्त वटवाघळांची छायाचित्रे घेतली. त्यांच्या नाकपुड्यांवर पिठासारखी पांढरी बुरशी दिसत होती. पुढच्या हिवाळ्यात ऑल्बनीच्या परिसरातील गुहांत मृत वटवाघळांचे खच पडलेले आढळले. ‘व्हाइट-नोज सिंड्रोम’ या नावाने ओळखल्या गेलेल्या या रोगाचे कारण म्हणजे स्यूडोजिम्नोअ‍ॅस्कस डिस्ट्रक्टन्स ही बुरशी. तिला थंडावा लागतो; वीस अंशांच्या वर तापमान गेले की तिची वाढ खुंटते. शीतनिद्रेत वटवाघळाचे शरीर सभोवतालच्या शिळेइतके थंड होते, हृदयाचे ठोके मंदावतात, आणि शरदात साठविलेली थोडीशी चरबी वसंतापर्यंत पुरवावी लागते. बुरशी पंखांच्या नाजूक पडद्यात रुजली की तो जीव वारंवार जागा होतो, प्रत्येक जागरणात शरीर तापवताना चरबी जळते, आणि बाहेर बर्फ असताना, एकही कीटक उडत नसताना, त्याचे अन्न संपते. अमेरिकन सरकारच्या २०१२ च्या अंदाजानुसार तोवर किमान सत्तावन्न लक्ष वटवाघळे मेली होती. वर्षाला बहुधा एकच पिल्लू देणाऱ्या या प्राण्यांना अशी हानी भरून काढण्यास अनेक दशके लागतात.

युरोपातील वटवाघळांच्या अंगावर हीच बुरशी सापडते, पण तेथे असा संहार होत नाही. त्यावरून ती कोण्या माणसाच्या बुटाला किंवा दोरखंडाला चिकटून अटलांटिक ओलांडून आली असावी, असा शास्त्रज्ञांचा तर्क आहे. नंतरचा प्रसार मुख्यतः वटवाघळांकडून वटवाघळांकडेच झाला, तरी २०१६ साली रोगाच्या तत्कालीन सीमेपासून सुमारे दोन हजार किलोमीटर पश्चिमेस, वॉशिंग्टन राज्यात, रुग्ण वटवाघूळ आढळले तेव्हा माणसाविषयीचा संशय पुन्हा बळावला. २००९ मध्येच सरकारने बाधित राज्यांतील गुहांत उतरू नये अशी विनंती केली होती, आणि वनखात्याने पूर्वेकडील आपल्या ताब्यातील गुहांना मनाई हुकूम लावला होता. तिकिटावर चालणाऱ्या गुहा मात्र उघड्या राहिल्या; त्यांच्यावर गावांची उपजीविका अवलंबून होती. तडजोड निघाली ती दारावरच्या तपासणीची. मॅमथ केव्हच्या उद्यानातही २०१३ साली हा रोग पोहोचला. तेथे प्रवाशाला आधी विचारतात की अंगावरचे कपडे वा पायातले बूट दुसऱ्या एखाद्या गुहेत वापरले होते काय. आणि बाहेर पडताना त्याला लांबलचक चटयांवरून पाय पुशीत चालावे लागते.

आपल्याकडील उष्ण लेण्यांत या बुरशीला थारा मिळणे कठीण. पण वहिवाटीचा प्रश्न आपल्यालाही चुकलेला नाही. बेळगाव जिल्ह्याच्या अरण्यातील बारापेडे गुहेत १९१२ साली सापडलेली रॉटनची मुक्तपुच्छ वटवाघळे दीर्घकाळपर्यंत जगात अन्यत्र कोठेही ज्ञात नव्हती, आणि अशा ठिकाणी मशाली व गोंगाट घेऊन शिरणाऱ्या उत्साही टोळ्या कोणत्याही रोगाची वाट न पाहता नुकसान करू शकतात.

पर्यटन समूळ बंद करावे असा या इतिहासाचा निष्कर्ष नाही, कारण ज्याने गुहा पाहिलीच नाही तो तिच्या रक्षणासाठी आग्रह धरील हे संभवत नाही. परंतु वटवाघळे निजतात ती विवरे हिवाळाभर बंद ठेवणे, आणि उघड्या असतील तेथे आपले कपडे-पादत्राणे तपासू देणे, याला प्रवाशाने सरकारी जाच समजू नये. जो गारवा आपण दोनशे वर्षे विकला, त्याचे मूळ रहिवाशांना कधीच न दिलेले, थकलेले भाडे आपण उशिराने भरू लागलो आहोत, एवढाच त्याचा अर्थ.