विश्लेषण : मेल पाठवला, पण पोहोचलाच नाही? रिव्हर्स डीएनएसचा नियम काय आहे?

नागपूरच्या मिहानमध्ये टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल यांसारख्या मोठ्या आयटी कंपन्या आहेत. समजा, तिथल्याच एखाद्या छोट्या कंपनीने स्वतःचा मेल सर्व्हर सुरू केला आणि त्यावरून मुलाखतीचे मेल पाठवले. पत्ता बरोबर, मजकूर बरोबर, तरी जीमेलने मेल नाकारला किंवा स्पॅममध्ये टाकला. उमेदवार वाट बघत राहतो आणि मुलाखतीची तारीख निघून जाते. यामागे एक छोटी नोंद राहून गेलेली असू शकते, ती म्हणजे रिव्हर्स डीएनएस.

रिव्हर्स डीएनएस म्हणजे काय?

डीएनएस वेबसाइटच्या नावावरून तिचा आयपी अॅड्रेस शोधून देतं. रिव्हर्स डीएनएस उलटं काम करतं, म्हणजे आयपीवरून नाव सांगतं. अनोळखी नंबर कोणाचा आहे हे आपण फोनवर बघतो, तसंच काहीसं. या नोंदीला 'पीटीआर रेकॉर्ड' म्हणतात. उदाहरणार्थ, २०३.०.११३.२५ या आयपीचे आकडे उलटे लावून २५.११३.०.२०३.इन-अॅडर.आर्पा या नावाखाली ती शोधली जाते.

मेल स्वीकारताना काय तपासलं जातं?

समोरचा सर्व्हर आधी आयपीवरून नाव शोधतो. मग त्या नावावरून पुन्हा आयपी शोधतो. दोन्ही जुळले तर पहिली पायरी पार. बराचसा स्पॅम व्हायरस शिरलेल्या घरगुती कॉम्प्युटरवरून जातो. अशा आयपीला स्वतःचं नाव नसतं किंवा इंटरनेट कंपनीने दिलेलं सरधोपट नाव असतं. तिथेच संशय येतो.

फेब्रुवारी २०२४ पासून गूगलने वैयक्तिक जीमेल खात्यांवर मेल पाठवणाऱ्या सगळ्यांसाठी ही नोंद आवश्यक केली. दिवसाला ५,००० किंवा त्याहून जास्त मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तिन्ही गोष्टीही लागतात.

ही नोंद कोण करतं?

इथेच अनेकांची गल्लत होते. डोमेन जिथून विकत घेतलं तिथे सहसा ही नोंद होत नाही. आयपी ज्याच्या ताब्यात आहे, म्हणजे इंटरनेट किंवा क्लाउड कंपनी, तिच्याकडेच ती मागावी लागते. गूगल वर्कस्पेस, मायक्रोसॉफ्ट ३६५ किंवा झोहोची मेल सेवा वापरत असाल, तर त्यांच्या सर्व्हरची नोंद तेच सांभाळतात.

मग आलेला प्रत्येक मेल खरा मानायचा का?

नाही. भाड्याने सर्व्हर घेऊन भामटेही ही नोंद करून घेऊ शकतात. सर्व्हरला नाव आहे एवढंच त्यातून कळतं, पाठवणारा प्रामाणिक आहे की नाही हे कळत नाही. म्हणून नोकरीचा मेल आला की अॅट चिन्हापुढचं डोमेन नीट वाचा आणि कंपनीच्या अधिकृत वेबसाइटशी ताडून बघा. नोकरीसाठी 'डिपॉझिट' मागितलं तर पैसे भरू नका. फसवणूक झालीच, तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा. आणि हो, मुलाखतीच्या मेलची वाट बघत असाल, तर स्पॅम फोल्डरही रोज उघडून बघा.