पदवीनंतरची पहिली शिफ्ट

मुंबई हायला १९७४मध्ये तेल लागलं आणि रायगडचा किनारा बदलत गेला. समुद्रातला वायू उरणला जमिनीवर आला, तिथून नळाने थळला पोचला. राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा अमोनिया-युरियाचा कारखाना १९८०च्या दशकाच्या मध्याला सुरू झाला, त्यामागोमाग नागोठण्याचा पेट्रोकेमिकल प्रकल्प आला. खाचरं आणि मिठागरांच्या मुलखात ‘ऑपरेटर’ ही नवी नोकरी रुजली. बी.एस्सी. करायचं, मग ‘एओसीपी’ची, म्हणजे अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांटची अ‍ॅप्रेंटिसशिप, आणि नंतर तीन पाळ्यांची ड्युटी, ही वाट अलिबाग-पेणकडच्या घरांच्या चांगली परिचयाची आहे. पण बी.ई. झालेल्या मुलाने तंत्रज्ञाच्या जागेसाठी अर्ज केला, की घरात नाराजी उमटते: एवढं शिकून पाना हातात धरायचा का? माझ्या मते ही नाराजी चुकीच्या जागी आहे. पाना धरण्यात कमीपणा नाही. पान्यापासून पुढे जायची वाट आहे की नाही, एवढंच बघायला हवं.

आपल्याकडे अभियांत्रिकीचं शिक्षण मुळात सुरू झालं तेच हाताखालच्या माणसांसाठी. पुण्यात १८५४मध्ये निघालेल्या ‘पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’चा उद्देश सार्वजनिक बांधकाम खात्याला दुय्यम अधिकारी पुरवण्याचा होता. त्याच रोपट्याचं पुढे इंजिनिअरिंग कॉलेज झालं आणि १८८३मध्ये तिथून विश्वेश्वरय्या बाहेर पडले. ‘साहेब’ आणि ‘मिस्त्री’ यांच्यातली भिंत खात्यांच्या श्रेणींनी उभी केली, कामाने नव्हे. अ‍ॅप्रेंटिस कायदा १९६१चा. १९७३च्या दुरुस्तीने त्यात पदवीधर आणि पदविकाधारक अभियंतेही आले. दोघांनाही कारखान्यात उमेदवारी करायला लावण्यामागे सरळ विचार होता: वर्गात शिकलेलं यंत्रापाशी तपासून घ्यावं लागतं.

थळसारख्या प्लांटवर हे फार स्पष्ट दिसतं. अमोनियाच्या प्रक्रियेतल्या उष्णतेवर बरीच वाफ तयार होते आणि त्या वाफेवर कॉम्प्रेसरच्या टर्बाइन फिरतात; एक कडी अडली की बाकीच्यांवर ताण येतो. कंट्रोल रूममधल्या पडद्यावर दाब घसरलेला दिसतो. खरंच दाब पडला की मोजणारं उपकरणच बिघडलं, हे पंपापाशी जाऊन लोकल गेज वाचल्यावरच ठरतं. तेलाचा रंग, ग्लँडमधून होणारी गळती, बेअरिंगचा बदललेला आवाज हे सगळं फिल्ड ऑपरेटर फेरीत टिपतो आणि लॉगबुकात लिहितो. मोठ्या बॉयलरची जबाबदारी घेणाऱ्या बॉयलर ऑपरेशन इंजिनिअरच्या परीक्षेलाही नुसती पदवी पुरत नाही, बॉयलरवरचा प्रत्यक्ष अनुभव दाखवावा लागतो. कायदासुद्धा पदवीधराला आधी भट्टीपाशी उभं करतो.

यावर पहिला आक्षेप असा, की कंपन्या याचा गैरफायदा घेतील: पदवीधर मिळतोय, मग त्याला तंत्रज्ञाच्या पगारात वर्षानुवर्षं राबवा. ही भीती खरी आहे, कंत्राटी भरतीत तर जास्तच. म्हणून अशी नोकरी स्वीकारताना दोन गोष्टी विचारून घ्याव्यात: अनुभवाचा दाखला मिळणार का, आणि खात्यांतर्गत परीक्षेने अधिकारी श्रेणीत जाता येतं का. दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल, तर ती उमेदवारी नव्हे, स्वस्तात घेतलेली मजुरी आहे.

दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो. ज्यांच्या जमिनी प्रकल्पांत गेल्या, त्या घरांतल्या आयटीआय झालेल्या मुलांच्या जागेवर बी.ई.वाला बसला, तर त्यांनी कुठे जायचं? ‘गुणवत्ता’ हा शब्द फेकून हा प्रश्न झटकता येणार नाही. आयटीआयच्या मुलासाठी तंत्रज्ञाची जागा ही शेवटची पायरी असते, पदवीधराची पहिली. म्हणून पदवीधरांसाठी ठरावीक मुदतीच्या वेगळ्या प्रशिक्षण-जागा असाव्यात आणि कायम तंत्रज्ञपदं आयटीआय-पदविकावाल्यांकडेच राहावीत. १९७३च्या दुरुस्तीने पदवीधर आणि तंत्रज्ञ असे अ‍ॅप्रेंटिसचे दोन वर्ग वेगळे ठेवलेच होते. भरतीच्या जाहिरातींनीही तोच भेद पाळायला हवा.