व्हिएतनामचे युद्ध आणि अमेरिकेतील डावे कॅथलिक

'डावे' हा शब्द उच्चारला की आपल्या ख्रिस्ती कुटुंबांत बहुधा एकच चित्र डोळ्यांपुढे उभे राहते : देव नाकारणारा, देवळाच्या दाराला कुलूप ठोकणारा कम्युनिस्ट. हे चित्र निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. विसाव्या शतकात पूर्व युरोपात आणि चीनमध्ये आपल्या धर्मबांधवांनी जे सोसले ते विसरता येण्याजोगे नाही. तथापि त्याच शतकात असे एक दशक येऊन गेले की, अमेरिकेतील डाव्या चळवळीच्या अग्रभागी काही कॅथलिक धर्मगुरू आणि दररोज मिस्साला जाणारी एक वयोवृद्ध स्त्री उभी होती. आपल्याच सरकारने परक्या भूमीवर चालविलेल्या युद्धाला त्यांचा विरोध होता. या विरोधाची हकीकत मराठी वाचकांना फारशी ठाऊक नाही, आणि जी ठाऊक आहे ती अर्धीच आहे.

प्रारंभ व्हिएतनामपासून करावा लागेल. १९५४ साली फ्रेंचांचा पराभव झाला, जिनिव्हा येथे करार झाला आणि सतराव्या अक्षांशावर देशाची तात्पुरती फाळणी झाली. कराराच्या पालनावर देखरेख करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाचे अध्यक्षपद आपल्या भारताकडे होते. उत्तरेत कम्युनिस्टांचे राज्य येताच सुमारे आठ ते दहा लाख माणसे घरदार सोडून दक्षिणेकडे निघाली. त्यांतील बहुसंख्य कॅथलिक होती. गावेच्या गावे आपल्या धर्मगुरूंच्या मागोमाग निघाल्याची वर्णने आहेत. दक्षिणेचा राज्यकर्ता न्गो दिन्ह दिएम हा स्वतः कॅथलिक होता, त्याचा एक भाऊ आर्चबिशप होता. सत्तेवर येण्यापूर्वी दिएम काही काळ अमेरिकेतील मेरीनोल संघाच्या सेमिनरीत राहिला होता व न्यूयॉर्कचे कार्डिनल स्पेलमन यांच्याशी त्याचा परिचय झाला होता. त्यामुळे अमेरिकेतील कितीतरी कॅथलिकांना हे युद्ध आरंभापासून 'आपले' वाटले. देवळातून निर्वासितांसाठी वर्गणी गोळा करणाऱ्या भाविकांना त्यात वावगे वाटण्याचे कारण नव्हते.

पण 'आपला' राज्यकर्ता न्यायी असतोच असे नाही. मे १९६३ मध्ये ह्युए शहरात बौद्धांना त्यांचा धार्मिक ध्वज लावण्यास मनाई झाली, निदर्शकांवर गोळीबार झाला आणि ११ जून रोजी थिक क्वांग डुक या वृद्ध भिक्षूने सायगावच्या भर रस्त्यात स्वतःला जाळून घेतले. त्या छायाचित्राने जग हादरले. एका कॅथलिक राष्ट्राध्यक्षाच्या राज्यात बहुसंख्य बौद्ध प्रजेवर ही पाळी यावी, हे आपणा सर्वांनाच लज्जास्पद होते. नोव्हेंबरात लष्करी बंडात दिएम मारला गेला. त्याच महिन्यात तिकडे केनेडींची हत्या झाली. तोवर व्हिएतनाममध्ये अमेरिकेचे सुमारे १६,००० लष्करी सल्लागार पोहोचले होते.

ऑगस्ट १९६४ मध्ये टोंकिनच्या आखातातील घटनेचे निमित्त करून राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी काँग्रेसकडून युद्धाचे जवळजवळ मुक्त अधिकार मिळविले. प्रतिनिधिगृहात विरोधी मत एकही पडले नाही, सिनेटमध्ये दोनच. अमेरिकेतील डाव्यांची त्या वेळी मोठी पंचाईत झाली होती. याच जॉन्सन यांनी वर्षारंभी दारिद्र्याविरुद्ध मोहीम पुकारली होती, कृष्णवर्णीयांच्या हक्कांचा कायदा मंजूर करून घेतला होता. या दारिद्र्यविरोधी मोहिमेला ज्या पुस्तकाने चालना दिली त्याचा लेखक मायकेल हॅरिंग्टन हा समाजवादी होता आणि तारुण्यात तो न्यूयॉर्कच्या 'कॅथलिक वर्कर' या गरिबांच्या आश्रयगृहात राहिला होता. हॅरिंग्टन युद्धाच्या विरुद्ध होता, परंतु अमेरिकेने तत्काळ व बिनशर्त निघून यावे अशी मागणी करण्यास तो कचरत असे. जे सरकार घरच्या गरिबाला घास देते त्याच्याशी उघड वैर कसे धरावे, हा जुन्या डाव्यांपुढचा प्रश्न होता. तरुणांना एवढा धीर नव्हता. एप्रिल १९६५ मध्ये विद्यार्थ्यांनी वॉशिंग्टनला हजारोंचा मोर्चा नेला. पुढे १९६७ साली मार्टिन ल्यूथर किंग यांनी या प्रश्नाचे स्पष्ट उत्तर दिले : दारिद्र्य निवारणाचा पैसा आणि माणसे युद्धच गिळंकृत करीत आहे, तेव्हा दोहोंचा मेळ बसणे शक्य नाही.

या सर्वांहून वेगळ्या वाटेने त्याच ठिकाणी आली होती डोरोथी डे. १८९७ साली जन्मलेली ही बाई तरुणपणी समाजवादी वृत्तपत्रांत लिहीत असे. मुलीच्या जन्मानंतर, १९२७ साली, तिने कॅथलिक ख्रिस्तसभेत बाप्तिस्मा घेतला. जुने डावे मित्र दुरावले, परंतु गरिबांविषयीची ओढ गेली नाही. १ मे १९३३ रोजी, ऐन कामगार दिनी, तिने पीटर मॉरिन यांच्या साथीने 'कॅथलिक वर्कर' हे वृत्तपत्र सुरू केले. किंमत एक सेंट. पाठोपाठ भुकेलेल्यांसाठी अन्नछत्र आणि बेघरांसाठी आश्रयगृह निघाले. तिचा युद्धविरोध या स्वयंपाकघरातूनच आला. दयेची कृत्ये आपण लहानपणी धर्मशिक्षणात पाठ करतो : भुकेल्यास अन्न, तहानेल्यास पाणी, बेघरास आसरा. युद्ध यांतील प्रत्येक कृत्य उलटे करून दाखविते, शेते जाळते आणि घरे पाडते, असे ती म्हणे. स्पेनच्या यादवी युद्धात आणि दुसऱ्या महायुद्धातही तिने शस्त्राची बाजू घेतली नाही, तेव्हा तिच्या पत्राचा खप कोसळला. हिटलरच्या विरुद्धही शस्त्र नको ही तिची भूमिका आम्हांला पटत नाही. पण व्हिएतनामच्या वेळी सोयीने शांततावादी झालेल्यांपैकी ती नव्हती, एवढे यावरून सिद्ध होते.

सरकारला पाठिंबा म्हणजे केवळ मत नव्हे, हे तिने ओळखले होते. नागरिकाचा पाठिंबा त्याच्या करातून आणि त्याच्या मुलातून जातो. म्हणून ती केंद्रीय आयकर भरीत नसे. १९७२ साली सरकारने जवळजवळ तीन लाख डॉलरची मागणी केली आणि बोभाटा झाल्यावर ती सोडून दिली. मुलांचा प्रश्न अधिक बिकट होता. ६ नोव्हेंबर १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या युनियन स्क्वेअरमध्ये पाच तरुणांनी आपली सैन्यभरतीची कार्डे जाळली. तसे करणे हा नुकताच गुन्हा ठरला होता. समोर विरोधकांचा जमाव आरडाओरडा करीत होता आणि डोरोथी डे त्या तरुणांच्या बाजूने बोलत होती. तीनच दिवसांनी 'कॅथलिक वर्कर'मध्ये मदत करणाऱ्या बावीस वर्षांच्या एका तरुणाने संयुक्त राष्ट्रसंघाच्या इमारतीसमोर स्वतःला पेटवून घेतले व दुसऱ्या दिवशी तो वारला. सिस्टर्शियन साधू टॉमस मर्टन यांना ही वार्ता इतकी जिव्हारी लागली की, कॅथलिक शांती संघटनेतून आपले नाव काढून घेण्याची तार त्यांनी पाठविली. पुढे मित्रांनी समजूत घातल्यावर ती मागे घेतली.

हे सर्व घडत असताना ख्रिस्तसभा गप्प नव्हती. डिसेंबर १९६४ मध्ये परमगुरुस्वामी सहावे पॉल आपल्या मुंबईत आले, ते ओव्हल मैदानावरील युकॅरिस्टिक काँग्रेससाठी. आपल्या घरोघरी त्या भेटीच्या आठवणी आहेत, फोटो आहेत. परंतु तेथूनच त्यांनी पत्रकारांमार्फत जगातील राष्ट्रांना जे आवाहन केले त्याची आठवण क्वचितच निघते. शस्त्रस्पर्धा थांबवा आणि त्या खर्चाचा काही भाग गरीब राष्ट्रांसाठी एका जागतिक निधीत द्या, असे ते आवाहन होते. पुढच्याच वर्षी ४ ऑक्टोबरला त्यांनी संयुक्त राष्ट्रसंघात युद्ध पुन्हा कधीही नको अशी कळकळीची विनवणी केली. डिसेंबर १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने शहरेच्या शहरे बेचिराख करण्याचा धिक्कार केला आणि सदसद्विवेकबुद्धीला स्मरून शस्त्र घेण्यास नकार देणाऱ्यांसाठी कायद्यात माणुसकीची तरतूद असावी असे सांगितले. असे असूनही १९६६ च्या नाताळात कार्डिनल स्पेलमन यांनी सायगावमध्ये सैनिकांसमोर या युद्धाला संस्कृतिरक्षणाचे युद्ध म्हटले आणि विजयाहून कमी काही नको असे प्रतिपादन केले. अमेरिकन बिशपांनीही त्याच नोव्हेंबरात सरकारची भूमिका समर्थनीय मानली होती.

१७ मे १९६८ रोजी मेरीलँडमधील केटन्सव्हिल गावी सात पुरुष व दोन स्त्रिया सैन्यभरतीच्या कचेरीत शिरल्या. त्यांत येशूसंघीय फादर डॅनियल बेरिगन आणि त्यांचे धाकटे बंधू फादर फिलिप होते. त्यांनी ३७८ फायली तारेच्या टोपल्यांत भरून बाहेर आणल्या आणि घरी बनविलेल्या नापामने पेटवून दिल्या. पेट्रोल आणि साबणाचा चुरा यांचे ते मिश्रण सैन्याच्याच पुस्तिकेत दिले होते. व्हिएतनामी मुलांच्या अंगावर जे पडते ते कागदांवर पडलेले बरे, हा त्यामागील भाव. फायली जळत असताना ते प्रभूची प्रार्थना म्हणत उभे राहिले आणि पोलिसांची वाट पाहू लागले. खटला ऑक्टोबरात चालला. विल्यम कन्स्टलर हा डाव्यांचा नामांकित वकील त्यांच्या बाजूने उभा होता. सर्वांना तुरुंगवास झाला. फादर डॅनियल काही महिने भूमिगत राहिले व ऑगस्ट १९७० मध्ये पकडले गेले.

डोरोथी डे यांना बेरिगन बंधूंविषयी अपार माया होती, परंतु ही रीत त्यांना पुरती मानवली नाही. मालमत्तेची नासधूस आणि गुप्त बेत यांतून हिंसेला वाट मिळेल, अशी त्यांची धास्ती होती. पुढे अमेरिकेतील डाव्यांचा एक गट बॉम्ब बनविण्यापर्यंत गेला, हे पाहता ही धास्ती अनाठायी म्हणता येत नाही. आमचा कौल या बाबतीत वृद्ध बाईकडे जातो. १९७० साली ती कोलकात्याला मदर तेरेसांच्या भेटीस आली होती. दोघींची भाषा एकच होती, अन्नाची.

नोव्हेंबर १९७१ मध्ये अमेरिकन बिशपांनी हे युद्ध आता न्याय्य म्हणता येत नाही असा निर्णय दिला. ३० एप्रिल १९७५ रोजी सायगाव पडले. ५८,००० हून अधिक अमेरिकन आणि लाखो व्हिएतनामी माणसे मेली होती.

अर्धी राहिलेली हकीकत येथून पुढची आहे. २४ एप्रिलला, पराभवाच्या आठवडाभर आधी, बिशप न्गुयेन व्हान थुआन यांची सायगावला नेमणूक झाली होती. ते दिएमचे भाचे. मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणादिवशी, १५ ऑगस्टला, नव्या राजवटीने त्यांना अटक केली. तेरा वर्षे ते बंदिवासात होते, त्यांतील नऊ वर्षे एकांतकोठडीत. तळहातावर द्राक्षारसाचे तीन थेंब आणि पाण्याचा एक थेंब घेऊन ते मिस्सा अर्पण करीत. हजारो माणसे पुनर्शिक्षणाच्या छावण्यांत डांबली गेली, लाखो माणसे होड्यांतून समुद्रात निघाली. ज्यांनी अमेरिकी नापामविरुद्ध रस्ते दणाणून सोडले होते त्यांतील पुष्कळांना आता बोलण्यासारखे काही सापडेना.

मे १९७९ मध्ये गायिका जोन बेझ यांनी व्हिएतनामच्या सरकारला उद्देशून एक खुले पत्र मोठ्या वृत्तपत्रांत छापून आणले. छावण्यांतील छळ थांबवा, अशी त्यात मागणी होती. बेझ स्वतः युद्धविरोधात तुरुंगात जाऊन आल्या होत्या. पत्रावर फादर डॅनियल बेरिगन यांची सही आहे. वकील कन्स्टलर यांनी सही नाकारली. समाजवादी देशांवर जाहीर टीका करणे त्यांना मान्य नव्हते, मानवी हक्कांचा भंग होत असला तरीही. अकरा वर्षांपूर्वी हेच दोघे बाल्टिमोरच्या न्यायालयात एका बाजूला उभे होते. जळणारे मूल कोणत्या सरकारने जाळले हे विचारून मग रडायचे की नाही ते ठरविणे, ही गोष्ट बेरिगन यांना जमली नाही. म्हणूनच त्यांचा पहिला विरोधही आम्ही खरा मानतो, मग फायली जाळण्याची रीत आम्हांला पसंत असो वा नसो. फादर डॅनियल २०१६ साली वारले, तो दिवस ३० एप्रिल होता.

अमेरिकेच्या बाजूलाही एक मन बदलले. नौदलाचे धर्मगुरू जॉन ओ'कॉनर व्हिएतनाममध्ये सैनिकांबरोबर राहिले होते आणि १९६८ साली त्यांनी सरकारच्या धोरणाचे समर्थन करणारे पुस्तक लिहिले. पुढे ते पुस्तक त्यांना स्वतःलाच नकोसे झाले. १९८४ साली ते न्यूयॉर्कचे आर्चबिशप झाले, स्पेलमन यांच्याच गादीवर बसले, आणि डोरोथी डे यांना संतपद मिळावे यासाठीची प्रक्रिया त्यांनीच सुरू केली. २००० साली रोमने तिला संमती दिली. धर्मप्रांतातील चौकशी संपली तेव्हा ८ डिसेंबर २०२१ रोजी न्यूयॉर्कच्या सेंट पॅट्रिक कॅथेड्रलमध्ये मिस्सा झाली आणि कागदपत्रे रोमला रवाना करण्यात आली. कार्डिनल स्पेलमन आणि कार्डिनल ओ'कॉनर या दोघांच्याही कबरी त्याच कॅथेड्रलच्या वेदीखाली आहेत.